घरीच असते

कोणी विचारलं की तू काय करतोस, तर मी 'सॉफ्टवेअरमध्ये आहे' असं सांगतो. लग्नाच्या पंगतीत तेवढं पुरतं. खरं उत्तर जरा विचित्र आहे. मी माणसांचे दिवस बनवतो. एखाद्या शहराची खोटी लोकसंख्या तयार करायची, त्यातल्या प्रत्येकाला वय, घर, नोकरी, गाडी आहे की नाही हे सगळं द्यायचं, आणि मग तो माणूस सकाळी किती वाजता निघेल, कुठं जाईल, कशानं जाईल, वाटेत भाजी घेईल का, परत कधी येईल हे ठरवायचं. अशी लाखो माणसं एकाच वेळी रस्त्यावर सोडली की संगणकात एक शहर चालू होतं. उड्डाणपूल बांधला तर काय होईल, बस वाढवल्या तर कोण बसेल, हे मग त्या शहराला विचारता येतं.

या माणसांना आम्ही एजंट म्हणतो. (विम्याचे नव्हेत, हे मला घरी दोनदा सांगावं लागलं.)

गेल्या वर्षी अशाच एका कामात मी काही हजार एजंटांना घरी बसवलं. त्यांच्या पायात बेड्या घातल्या नाहीत, फक्त एका फाईलमध्ये एक उणे आकडा लिहिला. त्या आकड्यानं माझ्या डोक्यात जो प्रश्न सोडला आहे तो फार जुना आहे, मला मात्र नव्यानं पडला: माणूस जे करतो तेच त्याला हवं असतं, असं धरून चालता येतं का?

आकड्यापर्यंत पोचायला थोडं मागे जावं लागेल.

शहरातल्या वाहतुकीचा अंदाज बांधायची रीत अमेरिकेत १९५०च्या दशकात, डेट्रॉइट आणि शिकागोच्या अभ्यासांमधून घडली. शहराचे तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकड्यातून रोज किती फेऱ्या निघतात, त्या कोणत्या तुकड्यात जातात, कोणत्या वाहनानं जातात आणि कोणत्या रस्त्यानं जातात, अशा चार पायऱ्यांनी हिशेब करायचा. आजही बऱ्याच शहरांचे आराखडे याच चार पायऱ्यांवर उभे असतात. गंमत म्हणजे या हिशेबात माणूस कुठंच नसतो. पाईपमधून पाणी वाहावं तशा फेऱ्या वाहतात. सकाळी ऑफिसला गेलेली फेरी आणि संध्याकाळी भाजी घेऊन घरी आलेली फेरी एकाच बाईची आहे, हे त्या गणिताला माहीतच नसतं.

टॉर्स्टन हेगरस्ट्रांड नावाच्या स्वीडिश भूगोलज्ञानं १९६९ साली कोपनहेगनमध्ये एका परिषदेत याबद्दलच भाषण केलं. पुढच्या वर्षी ते लेख म्हणून छापलं गेलं. त्याच्या शीर्षकातच प्रश्न आहे, की तुमच्या या शास्त्रात माणसांचं काय? त्याचं म्हणणं इतकं साधं आहे की आधी कुणाला सुचलं कसं नाही असं वाटतं. माणसाचे तुकडे पडत नाहीत. तो एका वेळी एकाच ठिकाणी असतो. एका ठिकाणाहून दुसरीकडं जायला वेळ लागतो, आणि दिवस सगळ्यांचा चोवीस तासांचाच असतो.

समजा एका बाईनं दहा वाजता मुलाला बालवाडीत सोडलं आणि बारा वाजता त्याला आणायचं आहे. ती ताशी चार किलोमीटरनं चालते. मग या दोन तासांत तिचं शहर म्हणजे बालवाडीभोवतीचं चार किलोमीटरचं वर्तुळ. त्यातही कडेला पोचली तर लगेच मागे फिरायचं, काम करायला मिनिटही नाही. तिला स्कूटर दिली की वर्तुळ मोठं होतं. बालवाडी एक वाजेपर्यंत केली तरी मोठं होतं. काळ आणि जागा अशा दोन्ही बाजूंनी काढलेल्या या आकृतीला प्रिझम म्हणतात. कागदावर ती शेंगदाण्याच्या पुडीसारखी दिसते, दोन्हीकडं टोक आणि मध्ये फुगीर.

हेगरस्ट्रांडनं बंधनांचे तीन प्रकार सांगितले. पहिलं शरीराचं आणि साधनांचं: झोप, भूक, वेग. तिसरं सत्तेचं: दुकान कधी बंद होतं, कुठं आत सोडत नाहीत. मधलं मला सगळ्यात जास्त आवडतं, ते म्हणजे जोडणीचं. काही कामं करायला दुसरं कुणीतरी त्याच वेळी त्याच जागी असावं लागतं. डॉक्टर आणि पेशंट, मास्तर आणि वर्ग. दार वाजवणारा आणि दार उघडणारा, ही जोडी मात्र मला फार उशिरा सुचली.

दुसरी परंपरा अर्थशास्त्राची. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवती बार्ट नावाची नवी रेल्वे येत होती तेव्हा डॅनियल मॅकफॅडन यांनी लोकांच्या निवडीचं मॉडेल बांधलं. प्रत्येक पर्यायाला गुण द्यायचे. वेळ जास्त तर गुण कमी, पैसे जास्त तर गुण कमी, आणि ज्याला जास्त गुण तो निवडला जाण्याची शक्यता जास्त. कामावर जाणाऱ्यांपैकी ६.३ टक्के लोक बार्टनं जातील असं मॉडेल म्हणालं. प्रत्यक्षात गेले ६.२ टक्के. इतका नेम एकदा लागला की त्या धनुष्याची पूजा होणारच. मॅकफॅडन यांना २००० साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

त्या समीकरणात शेवटी एक ग्रीक अक्षर असतं, एप्सिलॉन. मॉडेलला माणसाबद्दल जे कळलं नाही ते सगळं त्यात. बसमध्ये पूर्वी कधीतरी कुणी धक्का दिला होता म्हणून ती रिक्षानं जाते, तर ते एप्सिलॉनमध्ये. त्याला वाटेत जुन्या शाळेवरून जायला आवडतं म्हणून तो लांबच्या रस्त्यानं जातो, तेही एप्सिलॉनमध्ये. कॉलेजात हे शिकताना मी 'एरर टर्म' म्हणून पाठ केलं होतं. आता वाटतं, माणसाच्या स्वातंत्र्याला आणि आमच्या अज्ञानाला आम्ही एकच अक्षर वापरतो. कोडमध्ये दोन्ही रँडम नंबर जनरेटरमधून येतात.

या दोन परंपरा एकत्र झाल्या आणि माझी नोकरी जन्माला आली. मॅटसिम नावाचं एक मुक्त सॉफ्टवेअर आहे, झ्युरिक आणि बर्लिनच्या विद्यापीठांमधून वाढलेलं. त्यातला एजंट कसा जगतो ते सांगतो, कारण मला ते अजूनही मजेशीर वाटतं. त्याला सकाळी एक बेत दिलेला असतो: घर, ऑफिस, दुकान, घर. सगळे एजंट आपापला बेत घेऊन एकाच रस्त्यावर उतरतात. कोंडी होते. रात्री प्रत्येकाच्या दिवसाला गुण मिळतात. कामाच्या ठिकाणी, घरी, दुकानात घालवलेल्या वेळेला अधिक गुण; प्रवासाला उणे; उशीर झाला तर आणखी उणे. मग काही एजंट बेत बदलून पाहतात, दहा मिनिटं आधी निघतात, दुसरा रस्ता धरतात, गाडी सोडून बस घेतात. आणि तोच दिवस पुन्हा सुरू. असा शेकडो वेळा. चौऱ्याऐंशी लक्ष योनींतून फिरणाऱ्या जिवासारखे ते एकाच मंगळवारात पुन्हा पुन्हा जन्म घेतात. सोबत येतात फक्त मोजके जुने बेत आणि त्यांचे गुण. ज्या दिवशी कुणालाच एकट्यानं बेत बदलून फायदा होईनासा होतो, त्या दिवशी आम्ही म्हणतो की शहर स्थिरावलं.

स्थिरावलं म्हणजे सुखी झालं असं कुणीही म्हणत नाही. पण स्क्रीनवर ती रेघ सपाट झाली की आपल्यालाच बरं वाटतं.

आता तो आकडा.

शहराचं नाव सांगता येत नाही, करार आहे. पुणे नाही, एवढं सांगतो. आम्ही दुसरीकडं बांधलेलं मॉडेल आणून तिथं बसवत होतो. २०११ची जनगणना आणि काही हजार घरांचं सर्वेक्षण यांवरून लोकसंख्या तयार केली. मॉडेल चालवलं तर पंचेचाळिशीच्या पुढच्या, नोकरी न करणाऱ्या बायका सर्वेक्षणापेक्षा बऱ्याच जास्त बाहेर पडत होत्या. कुणी बाजारात, कुणी दवाखान्यात, कुणी नुसतीच कुणाकडं तरी. सर्वेक्षणात मात्र त्यांच्यापैकी फार मोठ्या हिश्श्यानं दिवसभरात एकही फेरी केलेली नव्हती.

अशा वेळी करायचं काय, ते ठरलेलं असतं. 'आज बाहेर पडायचं की नाही' या निवडीच्या समीकरणात त्या गटासाठी एक स्थिरांक टाकायचा आणि मॉडेलचे आकडे सर्वेक्षणाशी जुळेपर्यंत तो फिरवायचा. जुन्या रेडिओवर खरखर थांबेपर्यंत बटण फिरवावं तसं. मी फिरवलं. दुपारी तीनच्या सुमारास जुळलं. 'कॅलिब्रेशन पूर्ण' असा मेसेज टाकला, कुणीतरी अंगठा दाखवला, मी चहाला गेलो.

पुढच्या आठवड्यात त्याच शहरात एक बस मार्ग तपासायचा होता. शहराच्या कडेच्या वस्त्यांमधून जुन्या बाजारपेठेत जाणारा, दर वीस मिनिटांनी एक गाडी. मॉडेलनं सांगितलं, दुपारी या बसला फारसे प्रवासी मिळणार नाहीत. कोण नाही चढलं म्हणून पाहिलं, तर माझ्याच बायका. बस दारात आली तरी त्या हलेनात, कारण मी टाकलेला उणे आकडा त्यांना धरून होता. बस असो नसो, तो तसाच राहत होता. बस नव्हती म्हणून ज्या घरी होत्या, त्यांचं घरी असणं मी त्यांच्या स्वभावात लिहून टाकलं होतं. आणि आता तो स्वभाव बस नको म्हणत होता.

मी सर्वेक्षणाचे मूळ फॉर्म उघडले. स्कॅन केलेले होते. सर्वेक्षक संध्याकाळी दारात गेला, दार बहुतेक वेळा पुरुषानं उघडलं, आणि घरातल्या सगळ्यांची माहिती त्यानंच दिली. बायकोच्या रकान्यात सर्वेक्षकानं कितीतरी ठिकाणी एकच शेरा लिहिला होता: 'घरीच असते.' दोन शब्द. खालच्या बाराही ओळी रिकाम्या.

हे वाचताना मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण मीही आईबद्दल हेच सांगतो.

आम्ही २०१७पर्यंत नारायण पेठेत एका वाड्यात भाड्यानं राहायचो. वाडा पाडला, तेव्हा बाबांनी शहराच्या टोकाला टेकडीच्या पायथ्याशी फ्लॅट घेतला. दोन बेडरूम, लिफ्ट, समोर मोकळं. पेठेत असताना आई दिवसातून तीनचार वेळा बाहेर पडायची. सकाळी दूध, अकराला मंडई, दुपारी वाचनालय, संध्याकाळी कुठं कीर्तन असलं तर तिथं. सगळं पायी. कुणी तिला 'फिरते' म्हटलं असतं तर तिला राग आला असता, ती फक्त कामं करत होती. नव्या घरी आल्यावर पहिल्या वर्षी दोनतीनदा बसनं वाचनालयात जाऊन आली. मग वर्गणी भरायची राहिली. आता कुणी घरी बोलावलं की आम्हीच आधी सांगतो, आईला नाही हो बाहेर पडायला आवडत, तिला घरीच बरं वाटतं. आणि आईही मान डोलावते.

म्हणजे आमच्या घरातही एक मॉडेल होतं, आणि ते कॅलिब्रेट झालेलं होतं.

माणसाला काय हवं ते त्याच्या तोंडून ऐकू नका, तो काय निवडतो ते पाहा, हे तत्त्व अर्थशास्त्रात पॉल सॅम्युएल्सननं १९३८च्या सुमारास मांडलं. त्यात एक प्रकारचा आदर आहे, हे मी नाकारत नाही. तुझ्यासाठी काय चांगलं ते मी ठरवणार नाही, तू जे करशील ते मी तुझं मत समजेन. ऑफिसात बसून 'लोकांना काय हवं' ते ठरवणाऱ्या साहेबापेक्षा हे कितीतरी बरं. पण अमर्त्य सेन यांचं एक उदाहरण आहे, ते मराठीत फार छान बसतं. एकानं उपास धरलाय, दुसऱ्यावर उपासमारीची वेळ आली आहे. दोघांच्याही पोटात अन्न नाही. ताटाकडं पाहून दोघांमधला फरक कळत नाही. तो कळायला त्यांच्यापुढं काय वाढलेलं होतं ते पाहावं लागतं. आमचं सर्वेक्षण ताटं मोजतं.

आणि कोल्ह्याचं काय करायचं? जॉन एल्स्टर या नॉर्वेच्या विचारवंतानं १९८३ साली आंबट द्राक्षांच्या नावाचं अख्खं पुस्तक लिहिलं. जे मिळत नाही ते नकोसंच वाटायला लागणं, ही त्याच्या मते तर्काच्या दृष्टीनं मोठी अडचण आहे, कारण अशा माणसाला विचारलंत तरी तो खोटं बोलत नाही. त्याला खरंच नको असतं. आपण लहानपणी ती गोष्ट कोल्ह्याला हसायला ऐकतो. मला आता वाटतं, वेल इतकी उंच असेल तर द्राक्षं आंबट मानून निघून जाण्यात शहाणपण आहे. रोज तिथं उभं राहून उड्या कोण मारेल?

आमच्या टीम लीडला मी हे सगळं सांगितलं. कोल्हा वगळून. ती चाळिशीतली आहे, माझ्यापेक्षा बारा वर्षं जास्त हे काम करते आहे. तिनं शांतपणे विचारलं, 'मग स्थिरांक काढून टाकू? मॉडेल म्हणेल, बस सुरू झाली रे झाली की सगळ्या बायका पिशवी घेऊन निघाल्या. ते खरं वाटतं तुला?' नाही वाटलं. बस आल्यावरही घरचं आवरायचं असतं, गुडघे दुखतात, सवय मोडलेली असते. मग ती म्हणाली, 'आणि हे बघ, माझी सासू घरी असते म्हणून मी इथं बसले आहे.'

यावर माझ्याकडं बोलायला काही नव्हतं. केंद्र सरकारनं २०१९ साली देशभर वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं होतं. पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार, अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने. त्यात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचे त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती. असं काम करणाऱ्या पुरुषांचे ९७ मिनिटं. हा आकडा मी आधीही वाचला होता. तेव्हा तो अन्यायाचा आकडा म्हणून वाचला. आता हेगरस्ट्रांडच्या मधल्या बंधनाकडून वाचला तर वेगळंच दिसायला लागलं: कुणाचा तरी दिवस मोकळा राहावा म्हणून कुणाचा तरी दिवस एका जागी ठोकून ठेवावा लागतो, तंबूची मेख ठोकतात तसा.

मी आईला त्याच धर्तीचा एक कागद दिला आणि म्हटलं, एक दिवस भरून दे. तिनं आधी चेष्टा केली, 'तुमच्या कंपनीला माझं काय कामाला येणार?' मग वहीच्या पानावर आखून व्यवस्थित भरला. तिचं अक्षर चांगलं आहे. त्यातल्या काही ओळी तशाच देतो.

'साडेपाच. पाणी आलं, पिंप भरलं.' 'आठ ते सव्वानऊ. कामवाली येणार म्हणून थांबले. आली नाही.' 'अकरा. तुझं पार्सल.' 'साडेअकरा ते एक. गॅसवाला येतो म्हणाला होता म्हणून थांबले.' 'दोन. जरा टेकले.' 'पावणेचार. तुझं दुसरं पार्सल. ओटीपी सापडेना.' 'पाच. टेम्पोवर भाजी.' 'सहा. गच्चीत.'

आमच्या फॉर्ममध्ये कामांचे पाच प्रकार असतात: घर, नोकरी, शिक्षण, खरेदी, इतर. थांबणं हा प्रकार नाही. मी तिचा दिवस आमच्या पद्धतीनं भरला तर भाजीच्या टेम्पोपर्यंतची फेरी तेवढी 'खरेदी' होईल, तीही अंतर फार कमी म्हणून बहुधा गाळली जाईल. बाकी चोवीस तास 'घर'. मॅटसिममध्ये घरी घालवलेल्या वेळेला अधिक गुण मिळतात हे मघाशी सांगितलं. म्हणजे त्या दिवशी आमच्या घरातला सगळ्यात सुखी एजंट आईच. मी दोन तास प्रवासात घालवून उणे गुण घेऊन आलो होतो.

आणि ती दोन पार्सलं माझी होती. एक हेडफोन, एक मोबाईलचं कव्हर. मी सकाळी साडेआठला बिनधास्त बाहेर पडतो आणि रात्री नऊला येतो, माझ्या दिवसाला मॉडेल 'लवचिक' म्हणतं. ती लवचिकता कुठून येते याचा रकाना माझ्याही ओळीत नाही.

वेळेची किंमत हा अजून एक भाग आहे, तो थोडक्यात सांगतो. रस्ता किंवा पूल बांधण्याआधी त्यानं लोकांचा किती वेळ वाचेल आणि त्या वेळेची किंमत किती, हा हिशेब करतात. किंमत साधारण पगारावरून काढली तर ज्याचा पगार जास्त त्याची दहा मिनिटं महाग, आणि पगार नसलेल्याची जवळपास फुकट. ब्रिटनमध्ये सरकारी हिशेबात कामाव्यतिरिक्तच्या प्रवासाच्या वेळेला श्रीमंत-गरीब सगळ्यांसाठी एकच दर धरतात, आणि त्याला समतेचा दर असंच नाव आहे. तो दर गणितातून निघालेला नाही. कुणीतरी बसून ठरवलं की असं धरायचं. मला हे कळलं तेव्हा फार हलकं वाटलं होतं. आपल्या फाईलमध्ये नैतिक निर्णय घुसले आहेत याची भीती वाटत होती. ते आधीपासून तिथंच होते, आणि काही ठिकाणी लोकांनी ते उघडपणे घेतले होते.

मग मी माझ्या बस मार्गाचं काय केलं? दोनदा चालवला. एकदा स्थिरांक ठेवून, एकदा काढून. दोन उत्तरांमध्ये बरंच अंतर आलं. मी दोन्ही आकडे अहवालात शेजारी शेजारी ठेवले आणि खाली लिहिलं, की या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे बस नसल्यामुळं घरी राहणाऱ्या आणि स्वेच्छेनं घरी राहणाऱ्या बायका आपल्याला वेगळ्या ओळखता येत नाहीत. त्यासाठी त्यांना स्वतःला विचारणारं सर्वेक्षण करावं. लीडनं ते काढलं नाही. परिशिष्टात नेलं. सादरीकरणाच्या दिवशी पडद्यावर एकच आकडा होता, पहिला. कुणी परिशिष्ट उघडलं नाही. मीही हात वर केला नाही. मीटिंग लांबली होती, पाच वाजता बस होती, आणि एकूण सगळे मला 'तो एका मुद्द्यावर अडून बसणारा' समजायला लागले होते. ही कारणं आहेत. यांतलं कुठलं एप्सिलॉनमध्ये टाकायचं ते मला ठरवता येत नाही.

घरी आल्यावर मात्र मी एक गोष्ट केली. आईचं प्रिझम काढलं. दुपारी दोनला तिची भांडी आवरतात, सहाला बाबा फिरून येतात तेव्हा तिला घरी असायचं असतं. चार तास. मुख्य रस्त्यापर्यंत चालत, तिच्या गुडघ्यानं, वीस मिनिटं. बसची वाट अर्धा तास धरली. पेठेपर्यंत पाऊण तास. जायला ९५ मिनिटं, यायला ९५. उरली ५० मिनिटं. मला धक्का बसला, कारण उत्तर शून्य आलं नव्हतं. वाचनालय तिच्या आवाक्यात होतं. म्हणजे तिला जाता येत होतं आणि ती जात नव्हती, आणि आमचं घरगुती मॉडेल बरोबर होतं?

मी तिला कागद दाखवला. तिनं चष्मा लावून पाहिला. म्हणाली, 'पन्नास मिनिटांसाठी सव्वातीन तास? आणि एखादी बस आलीच नाही तर? बाबा दारात उभे राहतील, किल्ली माझ्याकडं.' मी म्हटलं, बाबांकडं दुसरी किल्ली देऊ. ती म्हणाली, 'आणि गॅसवाला?' मी म्हटलं, गॅस शनिवारी बोलावू, मी असतो. पार्सलं ऑफिसात मागवीन. ती जरा हसली. 'आता तिथं ओळखीचं कोण राहिलंय? त्या काउंटरवरच्या बाई निवृत्त झाल्या असतील.' आणि टीव्ही लावला. मला वाटलं, संपलं. कदाचित खरंच तिला नको असेल. तिला नको असण्याचाही तिला अधिकार आहे, आणि मी माझ्या अपराधी वाटण्यासाठी तिला बसमध्ये बसवायला निघालो होतो, हेही मला दिसत होतं.

तीनचार दिवसांनी सकाळी मी बूट घालत होतो. आई दारात उभी होती, हातात माझा डबा. तो कागद फ्रिजवर चुंबकाखाली लावलेला होता, कुणी लावला ते मला माहीत नाही. डबा देता देता तिनं विचारलं, 'अरे, तिकडून परतीची शेवटची कितीला असते?'